पर्व्ह्यू ई-डिस्कव्हरी: उद्यमबागेतल्या कंपनीच्या लीगलला कितपत पुरतं?

आधी निकाल सांगून टाकू, कारणं मागाहून. कंपनी मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मोठ्या परवान्यावर असेल तर पर्व्ह्यू या मायक्रोसॉफ्टच्याच साधनातलं ई-डिस्कव्हरी वेगळं विकत आणावं लागत नाही. ते आत आधीच बसलेलं असतं, आणि मेल जपणं, शोधणं, काढून देणं या कामांत ते चोख आहे. इंग्रजी मेलांसाठी पाचपैकी चार गुण. मराठी-कन्नड मजकुरासाठी दोन, तेही हात सैल सोडून. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कारखान्याचा कारभार मेलवर कमी आणि व्हॉट्सॲपवर, टॅलीत, गेटपासच्या पुस्तकात जास्त चालतो, तोही तीन लिप्यांत. म्हणून साधन कुठलं यापेक्षा ते चालवणारा वकील कोण, यावर काम अडतं. या परीक्षणात त्या खुर्चीचंही बोलणं आलंय ते त्यासाठीच.

ई-डिस्कव्हरी म्हणजे वादाशी संबंध असलेले संगणकावरचे, फोनवरचे, क्लाऊडवरचे कागद हुडकायचे, जपायचे, वाचायचे आणि समोरच्याला द्यायचे. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांत ‘इलेक्ट्रॉनिक रूपात साठवलेली माहिती’ डिसेंबर २००६ मध्ये नावानिशी आली. नियम ३४ खाली मागणी आली की उत्तराला ३० दिवस. उद्यमबाग किंवा मच्छेची फाउंड्री तिकडच्या गिऱ्हाइकाला कास्टिंग पुरवते, हत्तरगीच्या एसईझेडमधून विमानाचे भाग बाहेर जातात. करारात तिकडच्या कोर्टाचं नाव असेल तर ती मुदत बेळगावात बसून पाळावी लागते.

आपल्याकडेही आता हे परकं राहिलेलं नाही. वाणिज्यिक न्यायालय कायदा २०१५ मध्ये आला आणि त्यानं व्यापारी वादांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदलून टाकला. दाव्याबरोबरच ताब्यातले सगळे संबंधित कागद उघड करायचे, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा, आणि तसं शपथेवर सांगायचं. लपवलेला कागद पुढे वापरायचा तर कोर्टाची परवानगी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनं या कायद्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली. तीन लाख म्हणजे कास्टिंगच्या एखाद्या खेपेचं बिल. अजून पुष्कळ मालकांना वाटतं की हे सगळं बेंगळूरच्या आयटीवाल्यांचं काम आहे.

आता साधनाकडे. पर्व्ह्यूची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे होल्ड, म्हणजे कागद पुसला तरी नाहीसा होऊ न देणं. वाद दिसायला लागला की केस उघडायची, ज्यांच्या ताब्यात कागद आहेत त्या माणसांची नावं घालायची, त्यांचा मेलबॉक्स आणि वनड्राइव्ह (क्लाऊडवरची फाइलींची जागा) होल्डवर टाकायचा. या माणसांना धंद्यात कस्टोडियन म्हणतात. मग त्या माणसानं मेल पुसला, रिकामा केला, तरी प्रत आतल्या रिकव्हरेबल आयटम्स नावाच्या कप्प्यात राहते. होल्ड नसताना पुसलेला मेल तिथं साधारण १४ दिवस टिकतो, ॲडमिननं वाढवला तर ३०. कप्प्याची मर्यादा एरवी ३० जीबी, होल्ड लागल्यावर १०० जीबी. होल्ड पूर्ण लागायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. नोटीस आली त्याच दिवशी बटण दाबा, ‘मॅनेजिंग डायरेक्टरना विचारून सोमवारी बघू’ म्हणत बसू नका. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी मेलबॉक्स साफ करतोच.

मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या चॅटच्या ॲपबद्दल एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दोघांमधली चॅट त्या-त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये लपलेल्या फोल्डरात असते, चॅनलवरचं बोलणं ग्रुपच्या मेलबॉक्समध्ये असतं, आणि पाठवलेली फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर. एकट्या माणसाचा मेलबॉक्स होल्डवर टाकून ‘टीम्स झालं’ म्हटलं तर क्वालिटीच्या चॅनलवरचं अख्खं बोलणं बाहेर राहतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाची. डिस्पॅचचा सुपरवायझर गेला की परवाना वाचवायला आयटीवाला त्याचं खातं उडवतो. खातं उडवल्यावर मेलबॉक्स ३० दिवस परत आणता येतो, वनड्राइव्हचीही मुदत ठरवून वाढवली नसेल तर ३० दिवस, मग वनड्राइव्ह रिसायकल बिनमध्ये आणखी ९३ दिवस, आणि त्यापुढे काही उरत नाही. खातं उडवायच्या आधी होल्ड लावलेला असेल तर मात्र मेलबॉक्स निष्क्रिय होऊन जिवंत राहतो. एचआरच्या नो-ड्यूज फॉर्मवर ‘लीगलची सही’ असा एक रकाना वाढवा, एवढ्यानं हा प्रश्न मिटतो.

होल्ड कुठं पोचत नाही तेही बघा. जुन्या ऑफिसांत आउटलुक अजून पॉप पद्धतीवर चालतं आणि सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असते. तिथं मेल फक्त त्या टेबलावरच्या संगणकात, पीएसटी फाइलीत. पर्व्ह्यूला ते दिसत नाही. अशा यंत्राच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यावी लागते. त्यासाठी एक्स्टेरोचं एफटीके इमेजर फुकट मिळतं आणि ठीक चालतं. मूळ डिस्क राइट-ब्लॉकर (तिच्यावर काही लिहू न देणारं उपकरण) लावून जोडायची, ज्या डिस्कवर प्रत घ्यायची ती मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी, प्रतीच्या फाइलीचा प्रकार ई०१ निवडायचा, आणि शेवटी ‘पडताळा’ची खूण ठेवायची म्हणजे एमडी५ आणि एसएचए-१ हे दोन्ही हॅश, म्हणजे फाइलीचे डिजिटल अंगठे, जुळल्याचा अहवाल मिळतो. यंत्रात एसएसडी असेल तर ते चालू ठेवून चर्चा करत बसू नये. पुसलेला भाग एसएसडी स्वतःच मोकळा करत असते आणि तो परत येत नाही.

टॅलीचं थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि टॅलीप्राइममध्ये एडिट लॉग आहे. बॅकअपबरोबर तो लॉगही घ्या. नुसते पीडीएफ लेजर दिले तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता शोध, आणि इथंच गुण कापले गेलेत.

पर्व्ह्यूचा शोध शब्दांवर चालतो. अँड, ऑर, नॉट ही जोडणारी इंग्रजी पदं कॅपिटलमध्ये लिहायची, जवळपासचे शब्द नीअरनं शोधायचे, आणि तारांकन फक्त शब्दाच्या शेवटी चालतं. इंग्रजीत ‘रिजेक्ट’ला तारा लावला की रिजेक्टेड, रिजेक्शन सगळं येतं. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूटच बदलतं. ‘भट्टी’ला तारा लावला तर भट्टीत, भट्टीला, भट्टीचा सापडतं, ‘भट्ट्या’ सुटतं. ‘साचा’ शोधला तर साच्यात, साचे, साच्यांची हे काहीच येत नाही, तिथं ‘साच’वर तारा लावावा लागतो. ‘पैसा’ आणि ‘पैशाचं’ यांत तर ‘स’चा ‘श’च होतो. म्हणून शब्दांची यादी करताना मूळ शब्द आणि त्याचं सामान्यरूप, दोन्ही वेगळे घालायचे. मराठी शाळेतलं व्याकरण इथं रोख पैसे देतं.

त्यानंतर लिपी. कास्टिंगला भोक पडलं ही एकच तक्रार सीमाभागात किती तऱ्हांनी लिहिली जाते बघा. इंजिनीअर मेलमध्ये ‘ब्लोहोल’ लिहितो किंवा ‘पोरोसिटी’. मेल्टिंगचा माणूस देवनागरीत ‘भोक’. त्याचा जोडीदार तेच रोमन अक्षरांत बी-एच-ओ-के, घाईत असला तर बी-ओ-के. हुक्केरीकडचा फिटर कन्नड लिपीत ‘तूतु’, नाहीतर तेच रोमनमध्ये, कधी टी-यू-टी-यू, कधी टी-ओ-ओ-टी-यू. आणि इन्स्पेक्शनचा पोरगा नुसता फोटो टाकून खाली तीन लाल खुणा. चार शब्दांची इंग्रजी यादी घेऊन बसलेल्या बाहेरच्या टीमला यातलं निम्मंसुद्धा दिसणार नाही, आणि अहवालात मात्र लिहिलं जाईल की दोषाबद्दल दुकानातल्या माणसांना माहिती नव्हती. दुकान म्हणजे इथं मशीन शॉप, हेही त्यांना सांगावं लागतं.

गावाच्या नावाचाही घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत बेलगाम, नंतरच्यांत बेळगावी, आणि मराठीत आधीही बेळगाव, आताही बेळगाव. पत्त्यावरून शोध लावायचा तर तिन्ही लिप्यांतली सगळी रूपं हवीत.

खालचा दोष डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून जास्त घातक. ‘ॲल्युमिनियम’मधला पहिला अक्षर एका कीबोर्डवर एकसंध ‘ॲ’ म्हणून पडतो, दुसऱ्यावर ‘अ’ आणि त्यावर चंद्र असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘दुसऱ्या हीटचा माल’ (हीट म्हणजे भट्टीतली एक खेप) यातला ‘ऱ्या’ कोणी नुक्त्याच्या ‘ऱ’नं लिहितं, कोणी साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. हीट नंबर एक जण इंग्रजी आकड्यांत लिहितो, दुसरा ४१२ असा मराठीत. कुठलंही शोधयंत्र हे आपसूक एक मानेल असं गृहीत धरू नका. एक चाचणी मेलबॉक्स करा, वीस मेल पाठवा, प्रत्येकात एक ठरलेलं रूप घाला, इंडेक्स व्हायला, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत यायला, वेळ द्या आणि मग शोधा. वीसपैकी किती आले ते कागदावर लिहून ठेवा. तासाभराचं काम आहे आणि पुढे समोरचा वकील ‘तुमच्या शोधाची खात्री काय’ विचारेल तेव्हा हाच कागद कामाला येतो.

याहून वाईट जुने फॉन्ट. श्रीलिपीत केलेली मराठी पत्रं, नुडीत केलेली कन्नड पत्रं, कामगार खात्याची उत्तरं, ग्रामपंचायतीचे दाखले. यातलं जुनं काम युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नसतं. पडद्यावर सुंदर कन्नड दिसतं, कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवलं की रोमन अक्षरांचा चिवडा. शोधयंत्र तो चिवडाच वाचतं. उपाय दोन. फॉन्ट माहीत असेल तर कन्व्हर्टरनं युनिकोड करायचं आणि मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवायची. फॉन्ट कळत नसेल तर पानाचं चित्र करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घेणं. टेसरॅक्ट हे ओसीआरचं साधन फुकट आहे, त्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांच्या फाइली बसवून एकत्र चालवता येतात. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. शिक्का अक्षरांवर आला असेल किंवा कार्बन कॉपी असेल तर ओसीआर हात टेकतं आणि माणसानंच वाचावं लागतं.

पासवर्ड घातलेल्या फाइली पर्व्ह्यू अर्धवट इंडेक्स झालेल्या म्हणून वेगळ्या दाखवतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो आकडा केसमध्ये दिसतो, पण पुष्कळ जण तिकडे बघतच नाहीत. कॉस्टिंगच्या एक्सेल शीटा नेमक्या तिथंच असतात. फोटोतल्या अक्षरांचा शोध हवा असेल तर पर्व्ह्यूच्या प्रीमियम (वरच्या परवान्याच्या) आवृत्तीतला ओसीआर लागतो, साध्या आवृत्तीत तो नाही.

या सगळ्यावर एक गणिती उतारा आहे आणि तो करायलाच हवा. शोधात न सापडलेल्या ढिगातून यादृच्छिक ३०० कागद काढा आणि मराठी-कन्नड दोन्ही वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. एकही कामाचा निघाला नाही तर ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं की त्या ढिगात कामाचे कागद एक टक्क्याच्या आत आहेत. चार-पाच निघाले तर शब्दांची यादी फाडून नवी करायची. शोधात शून्य आलं की आनंदानं फाइल बंद करणारा वकील या भागात तरी धोक्याचा.

तारखांचा एक खड्डा. एक्स्पोर्टमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येतात, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. रात्रपाळीच्या माणसानं १ एप्रिलला पहाटे दोन वाजता पाठवलेला मेल ३१ मार्चला रात्री साडेआठचा दिसतो, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. तारखेची गाळणी लावताना दोन्ही टोकांना एक-एक दिवस जादा घ्या आणि तक्त्यात भारतीय वेळेचा वेगळा रकाना ठेवा.

व्हॉट्सॲपसाठी पर्व्ह्यू जवळजवळ निरुपयोगी. बाहेरचा कनेक्टर लावल्याशिवाय त्याला त्यातलं काही दिसत नाही, आणि फोन बहुतेक वेळा कामगाराचा स्वतःचा. आधी त्याची लेखी संमती घ्या, कुठला ग्रुप, कुठल्या तारखांपासून, एवढंच लिहा. घरच्या ग्रुपांना हात लावायचा नाही हेही त्याच कागदावर. मग फोनमधल्या गायब होणाऱ्या मेसेजची सेटिंग बघा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी असते, आणि होल्डला पहिला घाव इथंच बसतो. नोटीस पाठवताना ‘काही पुसू नका’ एवढं लिहून भागत नाही, ‘ग्रुपच्या माहितीत जाऊन ही सेटिंग बंद करा आणि स्क्रीनशॉट पाठवा’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा.

ॲपमधलं ‘एक्स्पोर्ट चॅट’ सोपं आहे, पण त्याच्या मर्यादा लक्षात ठेवा. फोटोंसह काढलं तर शेवटचे १०,००० मेसेज, फोटोंशिवाय ४०,०००. गजबजलेला प्रॉडक्शनचा ग्रुप वर्षात त्याच्या पुढे जातो आणि सुरुवातीचा भाग गुपचूप गळतो. फाइलीत नंबरांच्या जागी त्या फोनमध्ये सेव्ह केलेली नावं येतात. एकाच्या फोनमध्ये ‘पाटील सर’, दुसऱ्याच्या फोनमध्ये ‘मेल्टिंग मामा’, माणूस एकच. नंबर आणि नावांचा तक्ता फोन हातात असतानाच करून घ्यावा, नंतर कोण मामा हे कोणी शपथेवर सांगत नाही. तारीखही फोनच्या सेटिंगप्रमाणे येते, दिवस आधी की महिना आधी हे तपासा. वाद मोठा असेल तर एक्स्पोर्टवर न थांबता फोनचीच फॉरेन्सिक प्रत घ्यावी.

कागद कोर्टात टिकवायचं प्रकरण वेगळं. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या साक्ष्य कायद्यातल्या ६५-बीच्या जागी कलम ६३ आलं. संगणकावरच्या कागदासोबत दाखला लागतोच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात ठामपणे सांगितलं होतं. नव्या कायद्यात दाखल्याचे दोन भाग झाले. भाग ‘अ’ यंत्र किंवा कारभार सांभाळणाऱ्या माणसानं द्यायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. दोन्हीकडे हॅश लिहायचा, आणि एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ की दुसरा, त्यावर खूण करायची.

हॅश काढणं सोपं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा दिली की एसएचए-२५६ मिळतो. बिघडतं ते क्रमामुळे. आधी एक्सेल उघडून बघितली, सवयीनं सेव्ह झाली, मग हॅश काढला: तो आता मूळ फाइलीचा राहिला नाही. फोटो व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवला, तो वाटेत दाबला गेला: हॅश वेगळा. तेव्हा हॅश आधी, उघडणं नंतर, आणि उघडायची ती प्रत. एफटीके इमेजरच्या अहवालातला एमडी५ आणि दाखल्यावरचा एसएचए-२५६ जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाणारेही असतात. ती दोन वेगळी मापं आहेत, खूण कशावर केली तेवढं बघायचं.

व्यापारी दाव्यात याशिवाय आदेश ११ चं शपथपत्र लागतं. त्यात मेल आयडी कोणाच्या मालकीचा, कोणाच्या ताब्यात, कोणाला उघडता येतो, कागद कधी आणि कुठून छापला, यंत्र नीट चालत होतं का, हे सगळं लिहायचं. ‘अकाऊंट्स’ नावाच्या मेल आयडीचा पासवर्ड चार जणांना माहीत असेल तर ते तसंच लिहावं. एकाचंच नाव घातलं आणि उलटतपासणीत बाकीचे तीन निघाले, तर पुढच्या प्रत्येक कागदावर संशय येतो. डिस्क धारवाडच्या खंडपीठाकडे किंवा वकिलाकडे जाताना दोन प्रती करा, एक सील करून तिजोरीत, दुसरी कामाची. पासवर्ड डिस्कच्या पाकिटात चिठ्ठी घालून पाठवायची पद्धत अजून दिसते, ती बंद करा.

अमेरिकन वकिलांना माल द्यायच्या वेळी पर्व्ह्यू पुन्हा तोकडं पडतं. त्यांना प्रत्येक पानावर बेट्स क्रमांक (पानांचा सलग क्रमांक), सोबत कागदांच्या माहितीची कॉन्कॉर्डन्स डॅट आणि पानांच्या चित्रांची ऑप्टिकॉन फाइल, असा संच हवा असतो. त्यासाठी रिलेटिव्हिटीसारखं स्वतंत्र व्यासपीठ लागतं, आणि ते बहुतेक वेळा तिकडची फर्मच पुरवते. मग इथल्या माणसानं होल्ड, गोळा करणं आणि पहिली चाळणी पर्व्ह्यूत करावी, वाचन तिकडे. पैसे कुठं जातात ते कळायला साधा हिशेब: वाचणाऱ्याची गती ताशी ४० ते ६० कागद. ३०,००० कागद, ताशी ५० धरले तर ६०० तास. चार जण रोज सात तास बसले तर २२ दिवस. त्यातल्या दहा टक्क्यांची फेरतपासणी म्हणजे आणखी ६० तास. नियम ३४ चे ३० दिवस असेच संपतात. दुहेरी प्रती आणि मेलांच्या साखळ्या आधी एकत्र केल्या तर ढीग बराच उतरतो, म्हणून ती पायरी गाळू नये.

आता खुर्ची. मोठ्या कंपनीत हे काम करणारा वकील सुरुवातीला कागद वाचतो, मग फेरतपासणी करतो, मग टीम चालवतो, आणि शेवटी कंपनीच्या आत बसून होल्डपासून समोरच्याला कागद देण्यापर्यंत सगळं सांभाळतो. टिळकवाडीच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातून निघणाऱ्या मुलांना यात जागा आहे, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचण्यात बेळगावच्या पोरांचा हात कोणी धरणार नाही. बेंगळूर-पुण्याच्या जाहिरातींत मात्र ही गोष्ट ‘इतर कौशल्ये’ या रकान्यात शेवटी असते. मुलाखतीत तीच आधी सांगावी, आणि त्याचे वेगळे पैसे मागावेत.

दोन कायदेशीर पेच आधी समजून घ्या. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. आणि सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सांगितलं की अशा पगारी इन-हाऊस वकिलाला साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे अशील-वकील गुप्ततेचं, संरक्षण नाही. अमेरिकेत उलटं, तिथं १९८१ च्या अपजॉन निकालापासून कंपनीच्या आतल्या वकिलाशी झालेलं बोलणंही झाकलं जातं. परिणाम असा की एकच मेल अमेरिकेच्या यादीत ‘गुप्त’ आणि धारवाडला उघडा ठरू शकतो. ‘आपली चूक दिसते, काय करू या’ अशा धर्तीचं मत आतल्या वकिलानं मेलवर लिहू नये, बाहेरच्या सनदधारक वकिलाकडून घ्यावं. आणि पर्व्ह्यूत गुप्त कागदांना खूण करताना दोन वेगळ्या खुणा ठेवाव्यात, एक तिकडच्यासाठी, एक इथल्यासाठी. चुकून गेलेला कागद परत मागता यावा म्हणून अमेरिकन वकिलाला सुरुवातीलाच तिकडच्या फेडरल साक्षनियम ५०२ (डी) चा आदेश घ्यायला सांगावं.

ॲडमिनचं एक. कंपनीचा ग्लोबल ॲडमिन आपोआप केसमध्ये शिरू शकत नाही, पण तो स्वतःला सगळ्या केस दिसणारी ई-डिस्कव्हरी ॲडमिनिस्ट्रेटरची भूमिका देऊ शकतो. कोणी कधी दिली हे ऑडिट लॉगमध्ये राहतं, साध्या परवान्यात १८० दिवस, प्रीमियम ऑडिटमध्ये एक वर्ष. दर तिमाहीला तो लॉग काढून केसच्या फाइलीत लावा. मालकाच्या पुतण्याकडे आयटी असेल तर दर महिन्याला.

परवान्याचं विचाराल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ई-३ मध्ये केस, होल्ड, शोध आणि एक्स्पोर्ट एवढं मिळतं, आणि आदेश ११ च्या कामाला ते पुरतं. रिव्ह्यू सेट (गोळा केलेले कागद एकत्र वाचायची जागा), होल्डची नोटीस पाठवून पोच घेणं, ओसीआर, मेलांच्या साखळ्या, लिंक म्हणून पाठवलेल्या फाइली ओढून घेणं, या प्रीमियमच्या कामांसाठी त्यावरचा ई-५ परवाना किंवा त्याची ॲड-ऑन लागते. विकणारा सगळ्या ऑफिसला ई-५ घ्या म्हणेल. ज्यांचे कागद प्रीमियममध्ये जाणार त्या माणसांपुरतेच वरचे परवाने लागतात. वादात आठ कस्टोडियन असतील तर आठ घ्या आणि बिलावर त्यांची नावं लिहून घ्या, म्हणजे केस मिटल्यावर कोणते उतरवायचे ते शोधत बसावं लागत नाही.